पहिली पीसीपी एअर रायफल: ठाणे-नवी मुंबईतून सतत विचारले जाणारे प्रश्न

रविवारी सकाळी नौपाड्यातल्या आमच्या घरी फोन वाजला की बायको आतूनच ओरडते, "तुझा रायफलवाला असेल." बहुतेक वेळा असतोच. कधी घोडबंदर रोडवरचा कुणी आयटीवाला, कधी नेरूळची एखादी आई, कधी कळव्याचा कॉलेजातला मुलगा. गेली काही वर्षं मी नेमबाजीच्या दहा मीटरच्या रेंजवर नियमित जातो आणि नव्या लोकांना रायफल बघायला मदत करतो, म्हणून नंबर फिरत फिरत माझ्याकडे येतो. प्रश्न तेच ते असतात. म्हणून एकदाच लिहून काढले.

पीसीपी म्हणजे नक्की काय? साध्या छर्‍याच्या बंदुकीपेक्षा वेगळं काय असतं?

जत्रेत फुगे फोडायच्या बंदुकीत स्प्रिंग असते. नळी मोडून स्प्रिंग ताणायची, ट्रिगर दाबला की दट्टा पुढे धावतो आणि त्याने दाबलेली हवा छर्‍याला ढकलते. पीसीपीत (प्री-चार्ज्ड न्यूमॅटिक) हवा आधीच दाबून सिलिंडरमध्ये भरून ठेवलेली असते. ट्रिगर दाबल्यावर एक छोटा हातोडा व्हॉल्व्हवर आपटतो, व्हॉल्व्ह क्षणभर उघडतो, मोजकी हवा सुटते आणि पेलेट, म्हणजे छर्रा, निघतो. मधे रेग्युलेटर असतो. सिलिंडरमध्ये १८० बार (बार हे दाबाचं माप) असो की ११०, तो प्रत्येक गोळीला सारखाच दाब देतो.

फरक हातात घेतल्यावर कळतो. स्प्रिंगच्या बंदुकीत दट्ट्याचं वजन पुढे धावतं आणि थांबतं, त्यामुळे पेलेट नळीत असतानाच बंदूक आधी मागे आणि मग पुढे हिसका देते. पीसीपीत तसा हलणारा मोठा तुकडाच नाही. पहिल्यांदा मारणारी माणसं हमखास विचारतात, "सुटली का?"

मग शिकायला आधी स्प्रिंगचीच घेऊ का? स्वस्त पडेल.

स्वस्त पडेल, पण दोनदा पडेल. स्प्रिंगची बंदूक नीट मारणं हे वेगळंच कसब आहे, आणि तिथे लागलेल्या सवयी मॅच, म्हणजे स्पर्धेच्या, रायफलीवर मोडाव्या लागतात. माझं मत विचाराल तर पहिले तीन-चार महिने काहीच घेऊ नका. रेंजवरची क्लबची रायफल वापरा. उत्साह टिकला तर थेट चांगली पीसीपी घ्या, नाही टिकला तर काही लाख वाचले. हे ऐकून निम्मे लोक नाराज होतात.

परवाना लागतो का?

शस्त्र नियम, २०१६ प्रमाणे दोन मर्यादा लक्षात ठेवा: नळीचा व्यास ४.५ मिलिमीटर, म्हणजे ०.१७७ इंच, आणि नळीच्या तोंडाशी ऊर्जा २० ज्यूल. दोन्हींच्या आत असेल तर परवाना लागत नाही. दोहोंपैकी एक जरी ओलांडली तरी लागतो. दहा मीटरच्या मॅच रायफली साधारण साडेसात ज्यूलच्या असतात, त्यामुळे तिथे प्रश्नच येत नाही.

परवाना नाही म्हणजे कागद नाहीत असं समजू नका. शस्त्रविक्रीचा परवाना असलेल्या दुकानातूनच घ्या, ओळखपत्र आणि पत्त्याचा पुरावा द्या, रायफलीचा नंबर असलेलं पक्कं बिल घ्या. त्या बिलाची झेरॉक्स रायफलीच्या केसमध्येच ठेवायची. नाक्यावर रात्री कुणी थांबवलं तर फोनमधला फोटो शोधत बसण्यापेक्षा बरं.

पॉइंट टू टू जास्त दमदार असते म्हणतात. तीच घेतली तर?

पॉइंट टू टू म्हणजे साडेपाच मिलिमीटर, म्हणजे परवाना. आणि दम कशासाठी हवाय? दहा मीटरवर कागदाला भोक पाडायला दम लागत नाही. अर्ध्या ग्रॅमचा पेलेट सेकंदाला १७५ मीटर वेगाने गेला की साडेसात ज्यूल होतात, तेवढ्यावर ऑलिम्पिक खेळतात. २००८ ला बीजिंगमध्ये अभिनव बिंद्राने सुवर्ण मिळवलं ते याच प्रकारात. २५-५० मीटरवर धातूची लक्ष्यं पाडायचा छंद असेल तर २० ज्यूलच्या आतली ०.१७७ ची जोरदार पीसीपी घेता येते, पण त्या जोराची रायफल दहा मीटरच्या रेंजवर बहुतेक ठिकाणी घेऊच देत नाहीत. आधी कुठे मारणार ते ठरवा.

कंपनी कुठली घ्यावी?

हा सगळ्यांचा पहिला प्रश्न, म्हणून मुद्दाम खाली ढकलला.

मॅचसाठी वाल्थर, फाइनवेर्कबाउ, अँशुट्झ आणि स्टायर ही चार नावं रेंजवर सतत ऐकू येतील. पहिल्या तीन जर्मन, स्टायर ऑस्ट्रियाची. चारही उत्तम. नवशिक्याला त्यांच्यातला फरक गुणपत्रिकेवर दिसणार नाही. दिसेल तो दस्ता कुठपर्यंत सरकतो, गालाचा टेकू किती फिरतो आणि सुटे भाग किती दिवसांत मिळतात यात. शेवटची गोष्ट दुकानदाराला नका विचारू, रेंजवर ज्याच्याकडे ती रायफल आहे त्याला विचारा. आपल्याकडेही पीसीपी बनतात. प्रिसिहोल ही तर ठाणे जिल्ह्यातलीच, खोल भोकं पाडायच्या यंत्रांच्या धंद्यातून नळ्यांकडे आलेली. मनोरंजनासाठी आणि हात बसवण्यासाठी तोही पर्याय बघायला हरकत नाही.

पैशांचं म्हणाल तर वरच्या चारांची नवी, वरच्या श्रेणीची रायफल दोन लाखांच्या खाली दिसणार नाही. त्यांच्याच क्लब किंवा ज्युनियर श्रेणीच्या रायफलींमध्ये नळी आणि व्हॉल्व्हचा दर्जा चांगला असतो, कमी असते ती जुळवाजुळवीची सोय. पहिल्या रायफलीसाठी मी हाच थर सुचवतो.

"अंगाला बसली पाहिजे" म्हणता म्हणजे काय? कपडे आहेत का?

कपड्यांपेक्षा जास्त बसावी लागते. दुकानात हे करून बघा. पाय खांद्याइतके फाकवून लक्ष्याला आडवे उभे राहा. रायफल खांद्याला लावा, डावं कोपर कमरेच्या हाडावर टेकवा. डोळे मिटा, दोन श्वास घ्या, गाल टेकूवर सैल सोडा. आता डोळे उघडा. मागच्या साइटच्या (नेम धरायच्या भागाच्या) बारीक भोकातून पुढच्या साइटची कडी मधोमध दिसली तर रायफल तुमच्या जवळपास आहे. मान पुढे ताणावी लागली, तर दस्ता लांब. डोकं वाकडं करावं लागलं, तर गालाचा टेकू खाली. कडी दिसलीच नाही, तर विक्रेत्याला पाना घेऊन जुळवायला सांगा. तो "आधी घ्या, मग सेट करून देतो" म्हणाला तर चहा पिऊन बाहेर पडा.

आमच्या रेंजवर एक गृहस्थ उंचीने सहा फुटांच्या वर. त्यांनी ऑनलाइन फोटो बघून लाकडी दस्त्याची सुंदर रायफल घेतली. डाव्या हाताखालचा टेकू पुरेसा खाली जाईना, म्हणून कोपर कमरेपर्यंत पोचेना, म्हणून साडेचार किलो वजन दंडाच्या स्नायूवर. तिसाव्या गोळीनंतर हात थरथरायचा. वर्षभर ते स्वतःलाच दोष देत होते. शेवटी अॅल्युमिनियमचा उंच टेकू लावला आणि एका संध्याकाळीत प्रश्न मिटला.

डावखुरे असाल तर डावखुरी रायफलच घ्या. "सवय होते" असं सांगणारा माणूस उजवा असतो.

मुलगी बारा वर्षांची आहे. मोठीच घेऊ का, वाढत्या अंगाची?

शाळेचा गणवेश घेतो तसं? नको. नियमाप्रमाणे एअर रायफल जास्तीत जास्त साडेपाच किलोची असू शकते, मोठ्यांच्या रायफली साडेचारच्या आसपास भरतात. ३८ किलोच्या मुलीला ते तिच्या वजनाच्या जवळजवळ आठवा हिस्सा. पाठ मागे टाकून, कंबर मोडून ती रायफल उचलेल आणि दोन महिन्यांत पाठ दुखते म्हणून सोडेल. ज्युनियर रायफल घ्या किंवा रेंजवर टेकूवरून मारू द्या. कोपरीतल्या एका मुलीच्या आईवडिलांना मी हेच सांगितलं. बहुतेक पालक ऐकून घेतात आणि मोठी घेऊन येतात, असा माझा अनुभव आहे. त्यांनी मात्र ऐकलं.

हवा कुठून भरायची? पंक्चरवाल्याकडे होते का?

हा खरा प्रश्न, आणि तो रायफल घेतल्यावर विचारला जातो ही खरी पंचाईत.

गाडीच्या टायरमध्ये सव्वादोन बार हवा असते. रायफलीच्या सिलिंडरमध्ये २०० बार. नव्वद पट. पंक्चरवाल्याचा कॉम्प्रेसर आठ-दहा बारवर दम टाकतो. तिथे सिलिंडर घेऊन जाऊ नका, तोही घाबरेल.

मग लोक हुशारी करतात: "सीएनजी तर २०० बारलाच भरतात ना?" दाब जुळतो हे खरं. पण तो ज्वलनशील वायू आहे. कधीही नाही. आणि त्याहून वाईट कल्पना म्हणजे दवाखान्याचा किंवा वेल्डिंगचा ऑक्सिजन. दाबलेला ऑक्सिजन आणि तेलाचा एक थेंब एकत्र आले की स्फोट होतो. याच कारणाने सिलिंडरच्या आट्यांना घरातलं साधं तेल किंवा ग्रीसही लावायचं नाही. लागलंच तर सिलिकॉनचं, तेही बोटाच्या टोकाइतकं.

उरतात तीन मार्ग. पहिला, हातपंप. दिसायला सायकलच्या पंपासारखा, आत तीन टप्पे. सुरुवातीचे पंप हलके जातात, १५० बारच्या पुढे प्रत्येक वेळी अंगाचं वजन टाकून खाली बसावं लागतं. १०० बारवरून २०० वर न्यायला शंभराच्या आसपास पंप, पंपाप्रमाणे कमीजास्त. मधे थांबत थांबत मारायचे, नाहीतर पंप इतका तापतो की त्याची रबरी वायसरं जातात. तक्रार करावीशी वाटली तर ऑस्ट्रियन सैन्यातल्या जिरांदोनी रायफलीची आठवण काढा. १७८० च्या सुमाराची ती हवेवरचीच रायफल होती, आणि तिची टाकी भरायला दीडेक हजार पंप लागत असं म्हणतात.

हातपंपाची खरी अडचण मेहनत नाही, आपली हवा आहे. ठाण्यात जुलैमध्ये तापमान ३० अंश आणि आर्द्रता ८५ टक्के धरली तर एक घनमीटर हवेत साधारण २६ ग्रॅम पाण्याची वाफ असते. ०.२ लिटरचं सिलिंडर १०० वरून २०० बारला न्यायचं म्हणजे बाहेरची २० लिटर हवा आत कोंबायची. त्यात अर्धा ग्रॅम पाणी, म्हणजे दहाएक थेंब. इतकं दाबल्यावर ते वाफेच्या रूपात राहू शकत नाही. पंपाच्या गाळणीत, निचर्‍याच्या झडपेतून किंवा तुमच्या सिलिंडरमध्ये, कुठेतरी ते उतरणारच. म्हणून गाळणीतले दाणे वेळेवर बदला आणि शक्यतो एसीच्या खोलीत पंप मारा. मी आधी गॅलरीत मारायचो. एका पावसाळ्यानंतर रेग्युलेटर उघडला तेव्हा आत पांढरट बुरा दिसला, आणि गॅलरी सुटली.

दुसरा मार्ग, स्कूबा डायव्हिंगवाल्यांचं मोठं सिलिंडर. हे मला सगळ्यात आवडतं. १२ लिटरच्या टाकीत २३० बार असेल तर ती २०० वर येईपर्यंत ३६० लिटर हवा देते. प्रत्येक भरणीला २० लिटर, म्हणजे अठरा भरण्या पूर्ण २०० बारच्या. पुढेही भरता येतं, फक्त काटा १९५, १९० असा खाली थांबत जातो, आणि सरावाला ते पुरतं. ही टाकी पुन्हा भरून देणारा जवळ आहे का, टाकीची पाण्याच्या दाबाची चाचणी ताजी आहे का, हे आधी बघा. भरताना झडप पाव आटा उघडायची, हवा सुळसुळत जाऊ द्यायची. फटकन उघडली की सिलिंडर गरम होतं, काटा २०० दाखवतो आणि थंड झाल्यावर १८०.

तिसरा, घरगुती इलेक्ट्रिक कॉम्प्रेसर. सोयीचा आहे, पण आवाज भरपूर आणि गाळणीची कटकट तीच. सोसायटीत दुपारी दोन ते चार लावून बघा, सेक्रेटरी स्वतः भेटायला येतील.

रेंजवरच भरायची सोय असेल तर वरचं सगळं विसरा. पण ती सोय आहे का, हे रायफलीचे पैसे देण्याआधी विचारा.

सेकंड हँड घ्यावी का?

जरूर. मॅच रायफली लाडाने वापरलेल्या असतात आणि नळी हजारो गोळ्या सहज झेलते. फक्त सिलिंडरवरची तारीख वाचा. अनेक मॅच सिलिंडरांना कारखान्यातून निघाल्यापासून १० वर्षांची मुदत असते, आणि मुदतीतलं सिलिंडर वापरणं ही स्पर्धेत खेळाडूची जबाबदारी असते.

हे मी पुस्तकातून शिकलो नाही. माझी पहिली रायफल जुनी होती. इतकी चकचकीत की मी दस्ता, साइट, ट्रिगर सगळं बघितलं आणि सिलिंडर उलटं करून बघितलंच नाही. विकणार्‍यानेही विषय काढला नाही. घरी येऊन पुसताना तारीख दिसली: मुदत संपून दोन वर्षं. नवं सिलिंडर घेतल्यावर जुनी घेऊन वाचवलेले बहुतेक पैसे गेले. फोन केला तर समोरून "तुम्ही विचारलं नाहीत" असं उत्तर आलं. खरंच होतं ते, म्हणून जास्त झोंबलं.

आणखी दोन गोष्टी. सिलिंडर भरून काटा टिपून ठेवा, रात्रभर ठेवा, हवा गळतेय का ते सकाळी बघा. आणि रायफलीचा नंबर बिलाशी जुळवून हस्तांतराचा कागद सही करून घ्या.

पेलेट कुठले?

सपाट तोंडाचे, मॅचचे. ते कागदाला गोल, स्वच्छ भोक पाडतात, गुण वाचता येतात. टोकदार पेलेट दहा मीटरवर काही कामाचे नाहीत. डब्यावर ४.४९, ४.५०, ४.५१ असे डोक्याचे माप लिहिलेले असतात. कुठलं तुमच्या नळीला मानवतं ते टेकूवरून मारून बघितल्याशिवाय कळत नाही. एका सरावात ८० पेलेट धरले आणि आठवड्यातून चार दिवस गेलात, तर महिन्याला तेराशेच्या आसपास, म्हणजे पाचशेचे अडीच-तीन डबे. हा खर्च रायफलीच्या हिशोबात कुणी धरत नाही.

पेलेट शिशाचे असतात. मारून झालं की साबणाने हात धुवा, मगच वडापाव.

सोसायटीच्या गच्चीवर सराव केला तर चालेल? नाहीतर येऊरला?

दोन्ही नाही. गच्चीवरून सुटलेला पेलेट कठड्यावरून उडून कुणाच्या डोळ्यात गेला तर भारतीय न्याय संहितेचं कलम १२५ तुमची वाट बघतंय, आणि परवाना लागत नव्हता हे तिथे कामाला येत नाही. येऊर हा संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचा भाग आहे. "फक्त बाटल्या फोडणार" हे वनरक्षकाला पटवून बघा. कर्नाळा पक्षी अभयारण्य आहे, ठाणे खाडी फ्लेमिंगोंचं अभयारण्य आहे. आपण चारी बाजूंनी अभयारण्यांनी वेढलेलो आहोत, आणि ते चांगलंच आहे. पक्ष्यांवर नेम धरायचा विचार असेल तर मला फोन करू नका.

घरी कोरडा सराव करा. बहुतेक मॅच रायफलींमध्ये हवा न सुटता ट्रिगर तेवढा वाजवायची सोय असते. दहा मीटरवर लक्ष्याचा काळा गोल ३०.५ मिलिमीटरचा. आमच्या हॉलमध्ये पाच मीटर मिळतात, म्हणून मी सव्वापंधरा मिलिमीटरचा काळा ठिपका भिंतीवर चिकटवलाय. पाहुणे विचारतात, पाल आहे का.

पावसाळ्यात काय काळजी घ्यायची?

रेंजवरून आल्यावर केस बंद ठेवायची नाही. एसीतून आलेल्या थंड नळीवर बाहेरच्या दमट हवेचं पाणी धरतं. अर्धा तास पंख्याखाली उघडी ठेवा, पुसा, मग सिलिका जेलच्या पुड्यांसह बंद करा. सीवूड्स, वाशीकडे खाडीचा खारा वारा असतो, तिथे हे वर्षभर. उन्हाळ्यात भरलेलं सिलिंडर गाडीत विसरू नका. २७ अंशांना २०० बार असलेली हवा ६० अंशांना २२२ होते.

लोकलने नेता येईल का?

आठ-पंधराच्या फास्टला? केसच आत जाणार नाही. मी रिक्षा करतो. न्यायची तेव्हा पेलेट काढलेला, नळीत सुरक्षेची रंगीत दोरी घातलेली, केसला कुलूप.

स्पर्धेत उतरायचं तर कुठून सुरुवात करू?

राज्यात महाराष्ट्र रायफल असोसिएशन आहे, वरळीला. आणि आपल्या बाजूला पनवेलला सुमा शिरूर यांची अकादमी आहे. त्यांनी २००४ मध्ये क्वालालंपूरला आशियाई स्पर्धेच्या पात्रता फेरीत ४०० पैकी ४०० केले होते. आता ६० गोळ्या, ७५ मिनिटं आणि दशांशात गुण: एक गोळी जास्तीत जास्त १०.९, एकूण ६५४. दहाचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा असतो हे ऐकून लोक हबकतात. पण पेलेटच्या कडेने ठिपक्याला शिवलं तरी दहा मिळतात, म्हणजे पेलेटचा मध्य अडीच मिलिमीटरच्या आत आला की झालं. लिहायला सोपं आहे.

रायफल घरी आली. पहिल्या दिवशी काय करू?

गोळी मारू नका. माहितीपुस्तक वाचा, सिलिंडरची तारीख आणि रायफलीचा नंबर वहीत लिहा. दस्त्याच्या, टेकूच्या, साइटच्या प्रत्येक खुणेचा आकडा टिपून फोटो काढून ठेवा. दोन आठवड्यांत तुम्ही सगळं फिरवून ठेवणार आहात, आणि मग मूळ जागा कुठली होती हे विचारायला रविवारी सकाळी मला फोन करणार आहात.